सतराव्या लॉटमधला सुरा

कारखान्यात सगळे तिला कानस म्हणत. एक तर तिच्या हातात दिवसभर कानसच असायची, आणि दुसरं कारण तिची जीभ. फोरमन म्हणायचा, "हिच्या बापाने पात्यांना पाणी दिलं ते दिलंच, पोरीच्या जिभेलाही देऊन ठेवलंय." ती त्यावर हसायची नाही, पण रागवायचीही नाही. पंचेचाळिशी उलटली होती. लग्न राहूनच गेलं होतं, आई कधीच गेली होती. कारखान्याच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत ती आणि वडील, एवढाच संसार.

वडिलांना कारखान्यात रंगारी म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी भिंतीला ब्रश लावला नव्हता. पण चाळीस वर्षं त्यांनी रंग बघण्याचंच काम केलं होतं.

कारखाना छोटा होता आणि एकच वस्तू बनवायचा: सैन्याचा सुरा. मिटणारा चाकू नव्हे. पातं आणि मुठीच्या आत जाणारं त्याचं शेपूट, दोन्ही एकाच पट्टीतून कापलेलं, मध्ये जोड नाही. गंज न चढणारं पोलाद आता भाजीच्या सुरीलाही असतं. सैन्याची मागणी मात्र अजून जुन्या पोलादाची होती. ते ओलाव्यात गंजतं, म्हणून त्याला काळा थर द्यावा लागतो. पण त्याला नीट पाणी दिलं तर ते वाकेल, मोडणार नाही. शिपाई त्या सुऱ्याने दोर कापतो, खोकं उचकटतो, जमीन उकरतो. त्याला धारेपेक्षा भरवसा जास्त लागतो.

तो भरवसा वडिलांच्या हातात होता. पातं लालबुंद तापवून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. तसंच ठेवलं तर दगडावर पडून दोन तुकडे. म्हणून मग ते तापलेल्या वाळूच्या तव्यावर ठेवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. पातं तापत जाईल तसे त्याच्या घासलेल्या अंगावर रंग चढतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पातं गवताच्या रंगावर थांबवायचं आणि शेपूट निळं होऊ द्यायचं, कारण सगळा जोर शेपटावर येतो. मोठ्या भट्टीला तापमानाचा काटा होता. तव्याला नव्हता. तव्याला वडिलांचे डोळे होते.

आणि चाळीस वर्षं जाळाकडे बघून ते डोळे पिकले.

तिला पहिल्यांदा कळलं ते चपलांवरून. वडील एक काळी आणि एक तपकिरी घालून दारात उभे. ती म्हणाली, "बाबा, ही काय नवी फॅशन?" ते खाली बघून म्हणाले, "दोन्ही सारख्याच तर आहेत." तिने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. वडील म्हणाले, "अजून पिकला नाहीये. पिकू दे." डॉक्टर म्हणाले, हल्ली पिकायची वाट बघत नाहीत. पण वडिलांना कुणी सांगावं? त्यांना भीती शस्त्रक्रियेची नव्हती. महिनाभर सुट्टी घेतली तर तव्यापाशी दुसरं कुणीतरी उभं राहील, आणि एकदा उभा राहिलेला माणूस हलत नाही, ही भीती होती.

पिकलेला डोळा जगाला पिवळं करतो. पातं अजून पांढरंच असताना वडिलांना त्यावर गवताचा रंग दिसू लागला. निळा तर त्यांना काळपटच दिसायचा. पाती कच्चीच, म्हणजे जास्त कडकच, उतरायला लागली.

तिचं काम तपासणीचं. पन्नास पात्यांचा एक लॉट. त्यातली कुठलीही तीन उचलायची, टोक वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचं, शेपटावर लांब नळी घालून वाकवायचं. सोडलं की पातं सरळ झालं पाहिजे. एक जरी मोडलं तरी अख्खा लॉट परत तव्यावर. त्या महिन्यात दोन लॉट परत गेले. फोरमन माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागायचं. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "कानस, तुला म्हणून सांगतो. रंगारींचं वय झालं. आणखी एक लॉट परत गेला तर मला तवा दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

पुढचाच लॉट सतरावा.

पहिलं पातं वाइसमध्ये वाकवलं आणि ते खाडकन मोडलं. दुसरंही. तिसरं वाकलं आणि सरळ झालं.

जेवणाची सुट्टी होती. आसपास कुणी नव्हतं. तिने मोडलेली दोन्ही पाती एप्रनखाली घातली आणि उरलेल्या सगळ्यांवर एकेक करून कानस फिरवली. कच्च्या पात्यावर कानस घसरते, चावत नाही. हे तिला हाताला कळायचं. अकरा पाती तिला घसरट वाटली. ती तिने वडील बाहेर जेवत होते तेवढ्यात तव्यावर ठेवली, पुन्हा उतरवली, पुसून परत रांगेत लावली. कपाटातल्या जादा पात्यांतली दोन घालून पन्नास पुरी केली. कागदावर लिहिलं: तीन तपासली, तिन्ही ठीक. खाली सही.

वडील येऊन म्हणाले, "काय गं, कसा आहे लॉट?"

"झकास," ती म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला वाटलं, आपण काही फार मोठं पाप केलं नाही. त्यानंतर ती रोज त्यांच्या पाठीमागे जाऊन प्रत्येक पात्यावर कानस फिरवायची. बोटांना घट्टे पडले. एकही लॉट परत गेला नाही. फोरमनने एकदा वडिलांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "म्हातारं खोड, पण अजून पालवी फुटतेय!"

दीड वर्षाने एक शिपाई आला.

दुपारची वेळ होती. अंगावर साधे कपडे, पण उभं राहण्यावरून कळत होतं. त्याने तपासणीच्या टेबलावर एक फडकं सोडलं. आत सुरा होता, दोन तुकड्यांत. पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे. शेपूट मुठीच्या तोंडाशीच मोडलेलं.

"हा जोडून मिळेल का?" तो म्हणाला. "मला तक्रार करायची नाही. हा माझ्या मित्राचा आहे. त्याच्या बायकोला द्यायचाय."

वडील तव्यापासून उठून आले. त्यांना शिपायांशी बोलायला आवडायचं. "मोडला कसा?" त्यांनी विचारलं.

शिपायाने सांगितलं. नदी ओलांडताना ट्रक कलंडला होता. मागचे सगळे उड्या टाकून सुटले. हाही त्यांच्यातच होता. मित्र गाडी चालवत होता, त्याच्या बाजूचं दार दगडात दबलं होतं आणि पाय स्टिअरिंगखालच्या पत्र्यात अडकला होता. पाणी कमरेपर्यंत होतं, मग छातीपर्यंत आलं. पाय सोडवायला आत शिरता यावं म्हणून हा वर चढून दुसरं दार ओढत होता. दार दोन बोटं उघडलं आणि अडकलं. तेव्हा मित्राने त्या फटीतून स्वतःचा सुरा बाहेर दिला.

"म्हणाला, घे, घाल फटीत आणि दे जोर. मी घातला. दार सरकलं. जरा सरकलं, खरंच. आणि हा मोडला." शिपाई थांबला. "मी हसलो. का हसलो देव जाणे. तोही हसला. म्हणाला, सरकारी माल! मग मी हातानेच ओढत राहिलो. मग पाणी वर आलं."

फोरमन कधी मागे येऊन उभा राहिला होता कळलंच नाही. तो हळूच म्हणाला, "सुरा म्हणजे काही पहार नव्हे, भाऊ."

"तेच," शिपाई म्हणाला. "मी तो आडवा घालायला हवा होता. मी उभा घातला असणार. सात महिने मी तेच आठवतोय, आडवा घातला की उभा."

वडिलांनी पातं हातात घेतलं. ते डोळ्यांजवळ नेलं नाही. मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. तिने वडिलांना माणसं ओळखताना चुकलेलं पाहिलं होतं, पण पोलाद ओळखताना चुकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सपाट मोडलाय," ते म्हणाले. "काचेसारखा. लॉट कितवा, बघ गं."

लॉटचा आकडा पात्यावर मुठीच्या जवळ ठोकलेला असतो. तिने तो कधीच वाचला होता.

"पुसलाय, बाबा," ती म्हणाली.

"मग एवढा वेळ काय वाचत होतीस?"

"सतरा," ती म्हणाली. "सतरावा लॉट. तपासताना त्यातली दोन मोडली होती. मी लॉट परत पाठवला नाही."

"दोन मोडली?" फोरमन म्हणाला. "कागदावर तर..."

"कागद मीच लिहिला. कच्ची वाटली ती मी वेचून काढली, पुन्हा तव्यावर ठेवली. मला वाटलं, सगळी सापडली." तिने त्या पात्याकडे बोट दाखवलं. "एक राहिलं."

शिपाई तिच्याकडे बघत होता. तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वडिलांकडे वळून म्हणाला, "म्हणजे, काका, उभ्या-आडव्याचा प्रश्न नव्हता?"

"नाही, बाळा," वडील म्हणाले. "कडकपणा नीट उतरला असता तर कसाही घातला असतास तरी तो वाकला असता. वाकलेला सुरा काढून, उलटा करून आणखी एकदा घालता आला असता."

"आणखी एकदा," शिपाई म्हणाला. त्याने स्टूल ओढलं, त्यावर बसला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मोठा, दांडगा माणूस. पण सात महिने अडवून धरलेलं रडणं लहान-मोठं बघत नाही. ती त्याच्यासाठी पाणी आणायला गेली आणि नळापाशीच उभी राहिली. पेला भरून वाहत होता.

परत आली तेव्हा वडील मालकाच्या खोलीत गेले होते. त्यांनी एप्रन काढून घडी करून तव्याशेजारी ठेवला होता. मालकांना त्यांनी काय सांगितलं ते तिला फोरमनकडून कळलं. "माझे डोळे दोन वर्षं गेलेले आहेत. मी लपवलं. सतरापासून पुढचा सगळा माल परत मागवा." मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग तीच आत गेली आणि स्वतःचं नाव सांगून आली.

मालकांनी त्याच दिवशी सैन्याला पत्र पाठवलं. पुढच्या दोन महिन्यांत चारशेहून जास्त सुरे परत आले. ते सगळे नव्या विजेच्या भट्टीत उतरवायचे ठरले. त्याआधी परत आलेल्या प्रत्येक लॉटमधली दहा पाती मोडून बघितली. एकशे ऐंशीतली तीन पाती काचेसारखी मोडली. तीनच. फोरमन तिला म्हणाला, "बघ, तू किती वेचून काढली होतीस." त्याला तिचं सांत्वन करायचं होतं. तिची नोकरी गेलीच होती, आणि ती जायला हवीच होती असं तिलाही वाटत होतं.

वडिलांनी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. आधी उजवा, मग डावा. तिच्याशी ते कामापुरतं बोलत. पट्टी सुटली त्या सकाळी ते खिडकीपाशी बसून बाहेर बघत होते, आणि मग वळून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुझे केस कधी पांढरे झाले?" त्यांनी विचारलं.

"झाले केव्हाच."

"हं." मग ते म्हणाले, "तू मला आंधळा म्हणायला हवं होतंस. सगळ्यांसमोर, तोंडावर. इतरांना तर बोलायला तुझी जीभ अडखळत नाही."

"तुमच्यापुढे अडखळली," ती म्हणाली.

ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

शिपायाने आणलेला सुरा त्यांच्याकडेच होता. जाताना तो म्हणाला होता, "जोडून झाला की तुम्हीच नेऊन द्या. मला आता त्या घरी जाऊन पुन्हा सगळं सांगायची ताकद नाही." पत्ता एका चिठ्ठीवर होता. वडिलांनी फोरमनकडे एका सुट्टीच्या दिवसापुरती जागा मागितली. पात्याला त्याच जातीच्या पोलादाचं नवं शेपूट जोडलं, आणि या वेळी तव्यावरचा निळा रंग त्यांना निळाच दिसला. ते काही बोलले नाहीत. फक्त पातं वाळूवरून उचललं आणि क्षणभर हातात धरून ठेवलं. मूठ तिने बसवली. ही मूठ चामड्याच्या चकत्यांची असते. बावीस चकत्या एकावर एक दाबून, चिकटवून, घासून गुळगुळीत करायच्या. जुनी मूठ पाण्याने फुगली होती, घामाने काळी पडली होती. ती कापून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. नवी मूठ मधासारखी झळकत होती. तिने तिला तीनदा मेण लावलं.

मग एका सकाळी ती बसने तीन तास प्रवास करून त्या पत्त्यावर गेली.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र. शिपायाच्या त्या मित्राची बायको तिशीची असेल. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढून ती म्हणाली, "या ना, ताई. शिपाईभाऊंनी कळवलं होतं कुणीतरी येईल म्हणून."

त्याने बाकी काहीच कळवलं नव्हतं. ते सांगायचं तिच्यावरच आलं होतं.

तिने सांगितलं. वडिलांचे डोळे, सतरावा लॉट, एप्रनखाली घातलेली दोन पाती, कागदावरची सही. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. बायको ऐकत होती. तिचा हात यंत्राच्या चाकावर होता आणि ते चाक ती नकळत पुढे-मागे फिरवत होती. सुई कापड नसलेल्या जागी वर-खाली होत होती.

"मला वाटायचं, नशीब," शेवटी ती म्हणाली. "नदी, पाऊस, दगड. नशिबाशी कोण भांडणार? म्हणून मी गप्प बसले होते. सासू म्हणायची, रड गं, एकदा मोकळी हो. मला रडूच यायचं नाही." तिने वर बघितलं. "आता मला भांडायला माणूस मिळालं. पण तुमच्याकडे बघून भांडताही येत नाही. हे काय आणलंत तुम्ही माझ्या घरी?"

कानसने पिशवीतून सुरा काढून टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते कळेना, म्हणून म्हणाली, "आता हा मोडणार नाही."

बायकोने तो उचलला. मूठ हातात धरली, बोटं आवळली, मग सैल केली. पुन्हा आवळली.

"ही मूठ नवी आहे."

"हो. जुनी खराब झाली होती. फुगली होती."

"त्याच्या हाताची होती ती," बायको म्हणाली. "सुट्टीवर आला की भिंतीवर टांगायचा. मी हातात घेऊन बघायची. अंगठ्यापाशी खोलगट झाली होती. कुठे आहे ती?"

"टाकली," ती म्हणाली.

"टाकली," बायकोने तो शब्द परत म्हटला. मग ते रडणं आलं. गणवेशांच्या ढिगावर डोकं टेकून ती रडली, आणि ही तिच्याशेजारी उभी राहिली. खांद्याला हात लावायचा हक्क आपल्याला नाही हे तिला समजत होतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, "येऊ दे, येऊ दे" असं ओरडत होतं. बरंच झाल्यावर बायको उठली, तोंड धुतलं, सुरा टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला.

"आता जा तुम्ही," ती म्हणाली. ताई म्हणाली नाही. पण दारापर्यंत सोडायला आली, आणि जिन्यावरचा दिवा लावून दिला.

घरी आली तेव्हा वडील स्वयंपाकखोलीत चहाचं आधण ठेवून बसले होते. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते.

"घेतला का तिने?"

"घेतला."

"काय म्हणाली?"

पूर्वीची ती असती तर म्हणाली असती, बरं वाटलं तिला. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. नशिबाचं, भांडणाचं, आणि मुठीचंही. आधण उकळून आटत चाललं. तिने गॅस बारीक केला.

"ती मूठ कापायला मीच सांगितलं होतं," वडील म्हणाले. "तू टाकलीस, पण सांगितलं मी."

"हो, बाबा."

"मग ते माझ्या नावावर धर."

तिने मान हलवली. ते दोघांच्याही नावावर होतं, हे दोघांना कळत होतं. तिने आधणात आणखी पाणी ओतलं, आणि ते पुन्हा उकळेपर्यंत दोघंही तिथेच थांबली.